दशांश मिलिमीटरची माघार

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घालविली, अशा आमच्या पिढीतील माणसाला लग्नकार्यात एखाद्या नातेवाइकाने 'आपण कंपनीत काय करता?' असे विचारले, तर 'मोटारसायकलचा एक पार्ट बनवितो' यापलीकडे उत्तर देण्याची फारशी सोय नसते. कारण पार्टचे नाव सांगितले तरी ऐकणाऱ्याच्या नजरेपुढे काही उभे राहत नाही, आणि समजावून सांगावयास बसावे तर तोवर पंगत उठलेली असते. माझ्या वाट्यास आलेला पार्ट तर असा पडद्याआडचा, की ज्याची गाडी त्याच्याही दृष्टीस तो वर्षानुवर्षे पडत नाही. पुढच्या चाकाच्या डिस्कवर जो कॅलिपर बसविलेला असतो, त्याच्या पोटात पेल्याच्या घाटाचा, मागून बंद आणि पुढून उघडा असा पोलादाचा एक तुकडा असतो. लिव्हर ओढला म्हणजे द्रवाच्या दाबाने तो पुढे सरकतो आणि पॅडला डिस्कवर दाबून धरतो. हा कॅलिपरचा पिस्टन. इंजिनातला पिस्टन सर्वांना ठाऊक असतो, त्याच्यावर लोक अभिमानाने बोलतात. याची आठवण मात्र चाक जाम झाल्याखेरीज कोणास होत नाही.

आमच्या पुंडलिकनगरात ही ओळख पटविण्याची अडचण येत नाही. गारखेडा परिसरातील ही वस्ती नोकरदारांची, आणि त्यातही बव्हंशी कारखान्यांतल्या नोकरदारांची; पहिल्या पाळीच्या वेळेस रस्त्यावर आले, तर कंपन्यांच्या बसची वाट पाहत उभे असलेले गणवेशातले लोक दिसतात, त्यांतले काही चिकलठाण्याकडे जाणारे आणि काही सबंध शहर ओलांडून वाळूजकडे. आमच्या गल्लीत माणूस आडनावापेक्षा कामावरून अधिक ओळखला जातो. कोपऱ्यावरचे गृहस्थ सायलेन्सरवाले, त्यांच्या समोरचे वायरिंगवाले, माझ्या लगतचे शेजारी शॉकअॅबसॉर्बरच्या नळ्यांचे ग्राइंडिंग ज्या विभागात होते तिथले सुपरवायझर. गणपतीच्या मांडवात एकदा कोणीतरी हिशेब मांडला होता, की गल्लीतल्या प्रत्येकाने आपापला पार्ट आणला तर मोटारसायकल उभी राहील, फक्त पेट्रोलची टाकी आणि सीट तेवढी बाहेरून मागवावी लागेल. अध्यक्षांनी वर्गणीच्या वहीत तशी नोंदही करून ठेवली.

या शहराचे हे रूप फार पुरातन नाही. चिकलठाण्याची वसाहत आधीची. परंतु 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याला माल पुरविणारी लहानमोठी वर्कशॉपे त्याच्याभोवती दाटत गेली, तेव्हापासून तेव्हाच्या औरंगाबादेचा नि आताच्या छत्रपती संभाजीनगराचा पोटापाण्याचा व्यवहार दुचाकीच्या चाकाशी बांधला गेला. मी या धंद्यात रुजू झालो तेव्हा सगळीकडे ड्रम ब्रेकच होते. डिस्क ब्रेक ही कल्पना जगात नवी नव्हती; लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअराने तिचे पेटंट 1902 सालीच घेतले होते, आणि 1969 च्या होंडा सीबी 750 या गाडीने तो ब्रेक मोटारसायकलच्या सर्वसाधारण ग्राहकापर्यंत आणून पोहोचविलाही होता. आपल्याकडे मात्र तो शतक संपता संपता आला. 2001 साली बजाजची पल्सर आली. ती चाकणची, वाळूजची नव्हे. पण तिच्या पुढच्या चाकावरची ती चकाकणारी डिस्क पाहून तरुण मुलांच्या डोळ्यांत जी लकाकी येई, तिचा अर्थ इथल्या सगळ्या पुरवठादारांनी अचूक ओळखला. ड्रममधल्या शूजवर हात बसलेल्या आम्हा लोकांना हायड्रॉलिक्सची पुस्तके पुन्हा उघडावी लागली.

पुस्तकातला भाग सोपा असतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे पास्कलचे तत्त्व शाळकरी मुलासही अवगत असते, आणि कॅलिपरचे पहिले गणित त्याच्याच आधाराने सुटते. लिव्हरपाशी जो मास्टर सिलिंडर द्रवाला दाबतो, त्याचा व्यास 12.7 मिलिमीटर आणि कॅलिपरात 25.4 मिलिमीटरचे दोन पिस्टन असे धरले, तर क्षेत्रफळांचे प्रमाण एकास आठ पडते. लिव्हरची तरफ सहापट धरली, तर बोटांनी दिलेला 10 किलोचा जोर पॅडवर 480 किलोचा होऊन पडतो. कागदावर हा आकडा उमटला म्हणजे तरुण अभियंत्यास आपण काहीतरी पराक्रम केल्याचा भास होतो. त्यापुढचा विचारही ओघानेच येतो, की पिस्टन आणखी मोठा करावा, म्हणजे बोटांना श्रम कमी. परंतु पिस्टन जितका मोठा तितका त्याच्यामागे द्रव अधिक लागतो, द्रव अधिक म्हणजे लिव्हर अधिक आत येतो, आणि गाडी चालविणाऱ्याला ब्रेक 'मऊ' लागतो. ग्राहकास लिव्हर हलकाही हवा असतो आणि कडकही; या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे त्याला पटवून देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि मग ड्रॉइंग बोर्डावरच्या माणसाने अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने व्यास वरखाली करीत बसावे.

माझ्या समजुतीला खरे वळण दिले ते पुस्तकाने नव्हे, आमच्या टूलरूममधल्या एका वृद्ध कारागिराने. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. शिक्षण बेताचे, पण लेथवरची त्यांची नजर अशी, की जॉबवरून नख फिरवून ते जो फिनिश सांगत, तो मापन कक्षातल्या यंत्राने क्वचितच नामंजूर केला असेल. पिस्टनचे एक नवे ड्रॉइंग मी त्यांच्यापुढे पसरले होते आणि दाब, जोर, क्षेत्रफळ असा माझा पाठ चालला होता, त्यांनी तो सबुरीने ऐकून घेतला आणि चष्मा कपाळावर चढवीत म्हणाले, "साब, आगे तो कुछ भी जाता. वापस कैसा आता, वो बताओ." मी स्प्रिंग शोधू लागलो. ड्रम ब्रेकमध्ये शूज परत ओढण्यास स्प्रिंगा असतात. इथे तर तसले काहीच नव्हते. तेव्हा उस्तादांनी एक उघडलेला कॅलिपर पुढे ओढला, बोअरच्या आतल्या खाचेतून चौकोनी छेदाचे एक काळे रबरी कडे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

त्या कड्यात सगळे मर्म आहे. ईपीडीएम रबराचे हे सील खाचेत बसलेले असते आणि पिस्टनच्या अंगाला घट्ट चिकटून असते. पिस्टन पुढे गेला म्हणजे सीलची आतली कड त्याच्याबरोबर पुढे ओढली जाते, बाहेरची कड मात्र खाचेत अडकून राहते, आणि चौकोन तिरपा होतो. दाब सुटला की रबर आपल्या मूळ आकारास येऊ पाहते आणि येताना पिस्टनला मागे घेऊन येते. दाव्याला बांधलेले वासरू जितके पुढे गेले तितकेच मागे यावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की पॅड झिजले आणि रबराला झेपेल त्याहून अधिक अंतर पिस्टनला जावे लागले, तर तो सीलमधून किंचित घसरून पुढे जातो, म्हणजे खुंटाच जणू पुढे सरकतो, आणि माघार पुन्हा पूर्वीइतकीच राहते. झिजेची भरपाई अशी आपोआप होत राहते. ड्रम ब्रेकप्रमाणे नट आवळीत बसावे लागत नाही. ही माघार किती असावी? दशांश मिलिमीटर, फार तर दीड दशांश. तेवढी जागा पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये सुटली पाहिजे. त्याहून कमी सुटली तर पॅड डिस्कवर घासत राहतात, गाडीचे अॅव्हरेज पडते, डिस्क विनाकारण तापते. अधिक सुटली तर काय होते, त्याचा हिशेब मी त्याच रात्री घरी बसून केला: वरच्याच उदाहरणात पिस्टन 0.15 मिलिमीटर मागे आले, तर ती पोकळी भरून काढण्यास मास्टर सिलिंडरचा दांडा 1.2 मिलिमीटर आणि लिव्हरचे टोक सात मिलिमीटर हलावे लागते. म्हणजे ब्रेक लागण्यास आरंभ होण्यापूर्वीच हे सात मिलिमीटर खर्ची पडले. पिस्टनपाशी जे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांपाशी सरळसरळ जाणवते.

आणि ही माघार ठरते कोठे, तर पिस्टनवर ठरतच नाही. ती ठरते सीलच्या खाचेत. खाचेचा तळ किती अंशांनी उतरता ठेवावा, पॅडच्या बाजूच्या कोपऱ्याला तिरपी कातर किती द्यावी, सीलवरचा आवळ किती असावा, यावर. पुढे नव्या मुलांना शिकविण्याचा प्रसंग आला, तेव्हा मी पिस्टनचे ड्रॉइंग सर्वांत शेवटी दाखवीत असे. पिस्टन हा आपल्या भोवतालाचा मिंधा आहे: बोअर, खाच, सील, द्रव, पॅडची पाठ आणि रस्त्यावरची धूळ, एवढ्यांशी ज्याचा संबंध येतो, त्याची आकृती कागदावर एकटी काढता येत नाही, हे मुलांना एकदम पटत नसे. त्यांना एक गुळगुळीत नळकांडे काय ते दिसे.

गुळगुळीतपणाचीच गोष्ट घ्या. सीलला इजा होऊ नये म्हणून पिस्टनचा पृष्ठभाग आरशासारखा करावा लागतो, आणि पोलाद गंजू नये म्हणून त्यावर हार्ड क्रोमचा थर चढवावा लागतो. हा थर अवघा काही मायक्रॉन जाडीचा. त्याच्या आधी सेंटरलेस ग्राइंडिंग, त्याच्या नंतर पुन्हा पॉलिश. आता क्रोमचा स्वभाव असा, की तो अत्यंत कठीण असला तरी त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतातच, आणि थर पातळ असला तर त्या भेगांतून पाणी थेट पोलादापर्यंत पोहोचते. मग गंज खालून फुगतो आणि क्रोमची खपली वर उचलतो. खर्च कपातीची लाट ज्या ज्या वर्षी येई, त्या त्या वर्षी खरेदी खात्याची पहिली नजर या थरावर जाई. चार मायक्रॉन कमी केले तर पिस्टनमागे इतके पैसे वाचतात आणि वर्षाला इतके लाख होतात, असा तक्ता समोर ठेवला जाई. तो तक्ता बिनचूक असे. परंतु आमच्या दफ्तरात दुसराही एक दस्तऐवज होता, मिठाच्या फवाऱ्यातल्या चाचणीचा, ज्यात पातळ थराच्या पिस्टनांवर तांबूस ठिपके किती तासांनी उमटले ते लिहिलेले होते. आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर बैठकीत जी शांतता पसरे, ती मला फार आवडत असे. थर बहुतेक वेळा बचावला. एकदा नाही बचावला, आणि त्याचे पर्यवसान दोन पावसाळ्यांनंतर तक्रारींच्या गोणीत झाले.

तक्रारीचा माल ही अभियंत्याची खरी पाठशाळा असते. डीलरांकडून परत आलेले कॅलिपर पोत्यांतून येत, चिखलाने माखलेले, प्रत्येकाला तारेने बांधलेली एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बहुधा तीनच शब्द: पिस्टन जाम आहे. ते उघडण्याची एक रीत असते. पिस्टनच्या समोर लाकडाची फळी आणि जाड फडके ठेवावे, मग द्रवाच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडावी. घाई केली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो, आणि मध्ये बोट असले तर ते बोट पुन्हा पूर्वीसारखे राहत नाही. फडक्यात पिस्टन धपकन पडतो, त्याबरोबर करपलेल्या ब्रेक ऑइलचा गोडसर उग्र वास येतो, आणि मग तो उजेडात धरून सावकाश फिरवायचा. सीलच्या आतल्या बाजूस राहिलेला भाग नव्यासारखा लखलखीत. पॅड झिजत गेल्यामुळे बाहेर आलेला भाग मातकट, त्यावर पांढुरकी पुटे आणि मध्येच नखाला लागणारे बारीक खड्डे. नवे पॅड घालताना मेकॅनिक तोच खड्डे पडलेला भाग सीलमधून आत ढकलतो, आणि आजार तिथून सुरू होतो.

परंतु त्या गोण्या उघडता उघडता एक गोष्ट ध्यानात आली, ती माझ्या मते या साऱ्या वर्षांतली सर्वांत उपयोगाची. 'पिस्टन जाम' अशी चिठ्ठी बांधलेल्या कित्येक कॅलिपरांतले पिस्टन अगदी निर्दोष होते. जाम झाल्या होत्या त्या कॅलिपर ज्यांच्यावर डावीउजवीकडे सरकतो त्या पिना. तरंगत्या कॅलिपरात पिस्टन एकाच बाजूस असतात. ते एका पॅडला ढकलतात आणि प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर उलट सरकून दुसऱ्या पॅडला ओढून आणतो. पिनांवरचे ग्रीस वाळले, रबरी बूट फाटून आत धूळ गेली, की कॅलिपर सरकेनासा होतो. एक पॅड झिजून पत्र्याला टेकतो आणि दुसरा कोराच राहतो. दोष पिस्टनच्या माथी येतो, कारण मेकॅनिकला नाव तेवढेच ठाऊक. त्यानंतर कोणतीही तक्रार आली, की चिठ्ठी न वाचता प्रथम दोन्ही पॅड शेजारी ठेवून त्यांची जाडी पाहावी, असा दंडक मी घालून घेतला.

दुसरा वर्ग होता फुगलेल्या सीलांचा. ब्रेकचा द्रव ग्लायकॉलचा असतो आणि ईपीडीएम रबराला तो मानवतो. डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यांचे मात्र त्या रबराशी उभे वैर आहे. धुतल्यावर स्वच्छ दिसते म्हणून कॅलिपर डिझेलमध्ये बुडवून घासायचा, आणि पिस्टन सुळकन जावा म्हणून वरून इंजिन ऑइलचे बोट फिरवायचे, ही रीत अनेक गॅरेजांत चालत असे. सील फुगून पिस्टनला असे कवटाळते, की दाब सुटला तरी तो मागे येत नाही, आणि मग ती दशांश मिलिमीटरची माघार उरतच नाही. पुंडलिकनगरच्या रस्त्यावर ज्याच्याकडे मी माझी गाडी टाकतो, त्या तरुण मेकॅनिकला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "काका, हे कंपनीने आम्हाला कधी सांगितलं? पुस्तक इंग्रजीत, आणि तेही शोरूमवाल्याकडं." त्याचे म्हणणे रास्त होते. सील बसविताना ताजे ब्रेक ऑइल किंवा रबरासाठी असलेले ग्रीस यांखेरीज काही लावू नये, एवढाच मजकूर मराठीत आणि हिंदीत, चित्रासह, एका पानावर छापून वाटावा अशी शिफारस मी केली. ती मंजूर होऊन पान छापले जाण्यास जितका काळ गेला, तितक्यात एका नव्या कॅलिपरची रचना पूर्ण होते.

पांढऱ्या पुटांचा उलगडा तर घरबसल्याच झाला. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे; जायकवाडीचे धरण तासाभराच्या अंतरावर असून आम्ही दिवस मोजून पाणी भरतो. साहजिकच गाड्या धुण्याची केंद्रे बोअरच्या पाण्यावर चालतात, आणि इथल्या काळ्या दगडातले हे पाणी जड. त्याचा झोत कॅलिपरवर मारला, की पिस्टन आणि धूळ अडविणारे बाहेरचे सील यांच्या सांध्यात ते शिरते, गरम कॅलिपरावर वाळते आणि क्षार मागे ठेवून जाते. माझ्याच अंगणातल्या बादलीच्या कडेला जी पुटे धरतात, तीच मी कारखान्यात भिंगाखाली पिस्टनवर पाहत होतो. आमची प्रमाणित चाचणी समुद्रकाठच्या खाऱ्या हवेच्या धर्तीवरची. मराठवाड्यातल्या गाडीचे दुखणे निराळे होते. बाहेरच्या सीलची ओठाळी पुढे जाड केली गेली, ती या निरीक्षणावरून.

उष्णतेचा धडा औट्रम घाटाने दिला. कन्नडचे पठार सोडून रस्ता चाळीसगावाकडे, खानदेशात उतरतो, तो हा घाट. आमची चाचणीची गाडी दोन माणसे बसवून, इंजिनाचा आधार न घेता, निव्वळ पुढच्या ब्रेकवर तिथून उतरविली जाई. प्रयोगशाळेतले यंत्र डिस्क हवी तितकी तापवू शकते. परंतु एका वळणावर मालमोटार आडवी आली असता लिव्हर एकाएकी हँडलपर्यंत खाली जाणे म्हणजे काय, ते यंत्राला सांगता येत नाही. आमच्या चालकाला ते सांगता आले, आणि त्याने ते अशा भाषेत सांगितले, की अहवालात त्याचा सारांशच लिहावा लागला. झाले होते असे, की डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनच्या कडेत आणि पिस्टनमधून मागच्या द्रवात उतरली होती. डॉट 3 प्रतीचा द्रव ताजा असता त्याने निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम. पण हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो, आणि ओला झाल्यावर त्याच्याकडून 140 अंशांचीच अपेक्षा धरता येते. उकळला की वाफ, आणि वाफ दाबली जाते. मग बोटांचा सगळा जोर वाफ दाबण्यातच जातो. डॉट 4 घेतला तर हे आकडे 230 आणि 155 असे होतात. ती तजवीज केली. पण ज्या दाराने उष्णता आत शिरते ते दार पिस्टनची कड होय, तेव्हा मसलत तिच्यावर सुरू झाली. कड अरुंद केली, तिला खाचा पाडल्या, तर पॅडच्या पाठीशी स्पर्श कमी आणि उष्णतेची वाटही अरुंद. फार अरुंद केली तर ती पॅडच्या पत्र्यात रुतून त्याला वळ पाडते. पिस्टन अॅल्युमिनियमचा करावा, वजन कमी होईल, असाही प्रस्ताव आला. अॅल्युमिनियम उष्णता अधिक वेगाने वाहून नेते, हा त्याचा दोष; आणि कॅलिपरही अॅल्युमिनियमचाच असल्याने दोघे बरोबरीने फुगतात, हा गुण. पोलादी पिस्टन तितका फुगत नाही. 30 मिलिमीटर व्यासाला आणि शंभर अंशांच्या वाढीला सुमारे तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ज्या मोकळीचा हिशेब आपण शतांशात करतो, तिथे तीन शतांश ही मोठी रक्कम आहे. आम्ही पोलादावर राहिलो. त्यात तत्त्वनिष्ठेपेक्षा खरेदी खात्याचा हात मोठा होता, हेही सांगितले पाहिजे.

शासनाच्या हुकमाने आलेले बदल निराळ्या जातीचे. 125 सीसीवरील दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, असा नियम नव्या मॉडेलांसाठी 1 एप्रिल 2018 पासून आणि सर्वच गाड्यांसाठी 1 एप्रिल 2019 पासून लागू झाला. मुदत ठरलेली, तगादा रोजचा. जोडब्रेकासाठी एक तोडगा असा, की कॅलिपरात तीन पिस्टन घालायचे, आणि त्यांपैकी एकाला पायाच्या ब्रेकवरून दाब पोहोचवायचा, म्हणजे मागचा ब्रेक दाबणाऱ्या माणसाचे पुढचे चाकही थोडे आवरते. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे; 'पुढचा दाबू नको, पडशील' हा उपदेश बापाने मुलाला केला नाही असे घर विरळा, आणि कोरड्या सपाट रस्त्यावर तर थांबविण्याचे बहुतेक काम पुढचे चाकच करते. त्या एका पिस्टनचा व्यास ठरविताना आम्ही जणू त्या उपदेशाचीच भरपाई काढीत होतो: फार लहान ठेवला तर उपयोग नाही, फार मोठा ठेवला तर वाळूवर चाक घसरून उपदेश खरा ठरणार. याच सुमारास व्यास निरनिराळे ठेवण्याचा दुसराही एक विचार हाताळला. फिरती डिस्क पॅडच्या पुढच्या टोकाला आत ओढते, त्यामुळे पॅड पाचरीसारखा झिजतो. डिस्क ज्या बाजूने आत येते तिथला पिस्टन लहान आणि जिथून बाहेर पडते तिथला मोठा ठेवला, तर झीज समान होते. शर्यतीच्या गाड्यांत हे पूर्वापार आहे. स्वस्त गाडीत दोन वेगवेगळे पिस्टन ठेवायचे म्हणजे दोन ड्रॉइंगे, दोन साठे आणि जुळणीच्या वेळी अदलाबदलीचा धोका. तिथे गाडे अडले आणि आजही अडलेलेच आहे.

नोकरी संपली, तरी एका पुरवठादाराकडे सल्ल्यासाठी अधूनमधून जाणे होते. तिथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेली एक तरुण अभियंती आहे. सीलचा चौकोन किती तिरपा होईल हे ती संगणकावर रंगांत दाखविते, आणि ते चित्र उस्तादांना दाखवावयास हवे होते असे मला वाटून जाते. तिचा आग्रह फिनॉलिकच्या, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकच्या, पिस्टनाचा: तो गंजत नाही, उष्णता अडवितो, क्रोमच्या विषारी टाक्यांची गरजच ठेवीत नाही. माझे म्हणणे, की तो ओलावा पिऊन फुगतो, त्याची कड टवकते, आणि मोटारीत शोभला तरी ज्या दुचाकीचा कॅलिपर उघड्यावर, चिखलाच्या तोंडाशी लोंबतो, तिथे त्याचा भरवसा कोणी द्यावा? "सर, तुमचा भरवसा क्रोमवर आहे, की सवयीवर?" असे तिने सरळ विचारले. प्रश्न झोंबला, पण अनाठायी नव्हता. अखेर दोन्ही प्रकारचे नमुने एकाच चाचणीस लावावयाचे ठरले, आणि तिने अट घातली, की मिठाच्या पाण्याबरोबर एक फेरी जड पाण्याचीही व्हावी, आणि ते पाणी पुंडलिकनगरच्या बोअरचेच असावे. तेव्हा सध्या दर आठवड्यास माझ्या अंगणातून दोन कॅन भरून तिच्याकडे रवाना होतात. गल्लीतल्या एका आजींनी विचारलेही, की लोक इथे पाण्यासाठी टँकर मागवितात आणि तुम्ही पाणी कंपनीला कसले पाठविता? मी त्यांना पिस्टनविषयी सांगावयास आरंभ केला होता, इतक्यात त्यांच्याकडे नळ आल्याची हाक आली.